रांगेत नसलेला फोन

१

रुग्णवाहिका दारात आली तेव्हा भाऊजींचे हात गार पडले होते. ताई मात्र त्यांच्या छातीवर तळहात दाबत तशीच बसून होती. तिला बाजूला करायला दोन माणसं लागली. मदत केंद्राला फोन लावल्यापासून कुणीतरी तो उचलेपर्यंत अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला होता, आणि तेवढा सगळा वेळ उशीवर ठेवलेल्या मोबाइलमधून एक गोड धून वाजत राहिली होती. भर दुपारी सगळी इमारत कामावर गेलेली. ताई ओरडली, पण वर कुणी आलं नाही.

ताईची धाकटी बहीण विद्यापीठात संभाव्यताशास्त्र शिकवते. तिला सगळे नुसतं बाई म्हणतात. विद्यार्थी पाठीमागे सरासरीबाई म्हणतात, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. लोक दुकानात, बँकेत, दवाखान्यात किती वेळ ताटकळतील याचं गणित मांडण्यात त्यांची हयात गेली. मदत केंद्रात फोन घ्यायला तीन मेजं पुरतील, हा हिशेबसुद्धा त्यांचाच होता. भाऊजींना पोचवून आल्यावर पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हेच, आणि त्या रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

ताईला मात्र हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता आणि तो ती उठता-बसता विचारत होती.

"मी फोन ठेवून पुन्हा लावायला हवा होता का गं?"

"नाही ताई."

"पुन्हा लावला असता तर लगेच लागला असता."

"नसता लागला. रांग सोडून परत आलेला माणूस शेवटी उभा राहतो. तू पुढे सरकत होतीस. ठेवला असतास तर आणखी उशीर झाला असता."

"तूच म्हणायचीस ना, काही झालं तरी रांग सोडायची नाही."

"हो. आणि तू सोडली नाहीस, ते बरोबरच केलंस. मी गणिताने सांगते आहे, उगाच समजूत घालत नाही."

ताई मान हलवायची, तासभर गप्प बसायची, आणि पुन्हा तेच विचारायची. तिने अन्न टाकलं होतं. ती या प्रश्नातून बाहेर आली तरच जगेल, नाहीतर ती आतल्या आत कुढून जाईल, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. म्हणून मदत केंद्राच्या साहेबांचा निरोप आला तेव्हा त्या लगेच निघाल्या. आपलं उत्तर अगदी शंभर टक्के खरं आहे, असा कागद त्यांना ताईच्या हातात द्यायचा होता.

२

केंद्र एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. बाई लिफ्टमधून बाहेर पडल्या तेव्हा जिन्यातून एक साठीचा माणूस धापा टाकत वर येत होता. त्याने कठड्याला धरून श्वास घेतला, बाईंना ओळखून नमस्कार केला आणि आत गेला. हे मास्तर. केंद्रातले सगळ्यांत मुरलेले. नव्या माणसांना शिकवायचे तेच, म्हणून मास्तर.

साहेबांनी चहा मागवला. साहेब वाईट नव्हते, पण खुर्ची जाईल या भीतीने माणूस जितका घाईवर येतो तितके आले होते.

"मॅडम, तुमच्या घरचंच माणूस गेलं. मला बोलायला तोंड नाही. पण चौकशी लागली आहे, आणि तज्ज्ञ म्हणून सही तुमचीच हवी."

"कशावर?"

"झालं ते असं. तीन मेजं. त्यातल्या एकावर नवी मुलगी होती. तिला एका बाळंतपणाचा फोन आला आणि ती त्यातच अडकून बसली. एक मेज बंद म्हटल्यावर रांग तुंबली. त्या अर्ध्या तासात लोक सरासरी सात मिनिटं थांबले. सगळ्यांत जास्त तुमच्या ताई. तुम्हीच शिकवलंय आम्हाला, शेपटी म्हणून."

ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी याच खोलीत फळ्यावर एक वक्ररेषा काढली होती. बहुतेकांचा फोन लगेच घेतला जातो, म्हणून रेषा डावीकडे उंच. मग ती उतरत जाते आणि उजवीकडे लांब, बारीक शेपटी होऊन पसरते. सरासरी चांगली असली तरी ही शेपटी राहतेच, असं त्यांनी सांगितलं होतं. कितीही नीट काम करा, हजारात कुणी एखादा फार ताटकळतो. तो कुणाचा दोष नसतो, त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. त्या दिवशी ऐकणाऱ्यांचे चेहरे सैल पडले होते आणि बाईंना बरं वाटलं होतं.

"नवीचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"घरी बसवलंय. बाळंतपणाचा फोन वरिष्ठाकडे द्यायचा असतो, तिने दिला नाही. कुणाच्या तरी गळ्यात पडणारच ना मॅडम हे."

बाईंनी कागद ओढला. गणित तोंडपाठ होतं. दर मिनिटाला साधारण किती फोन येतात, एकेक उरकायला किती वेळ लागतो, आणि दोनच मेजं चालू असली तर काय होतं. अर्ध्या तासावर थांबायची शक्यता निघाली दहा हजारात तीन-चार. नगण्य म्हणावी इतकी कमी, तरी अशक्य नाही. ताईचं नशीब त्या तीन-चारांत होतं, एवढाच याचा अर्थ. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मग सवयीने त्यांनी सरासरीही काढून पाहिली. दोन मेजं चालू होती तर लोकांना सरासरी अडीच मिनिटांच्या आतच थांबावं लागायला हवं होतं. साहेब म्हणत होते सात.

"प्रत्येक फोन किती थांबला ते वेगवेगळं मिळेल?"

"सुटे फोन यंत्र आठवडाभर ठेवतं, मग पुसून टाकतं. आता दहा दिवस झाले. मला छापून येते ती सरासरी आणि सगळ्यांत जास्त किती ते. वर तेवढंच विचारतात."

बाई सात या आकड्याकडे बघत राहिल्या. रांगेत एकाला उशीर झाला की मागचे सगळेच अडकतात, त्यामुळे थोड्या वेळाची सरासरी भलतीकडेच जाऊ शकते. पंचवीस-एक फोनांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण एक गोष्ट त्यांना सलत होती. त्यांनी एकच मेज चालू धरून हिशेब केला, तेव्हा उत्तर जवळजवळ बरोबर सात आलं.

पेनला टोपण लावून त्या म्हणाल्या, "साहेब, त्या दुपारी मेजांवर बसलेल्या तिघांशीही मला बोलायचंय. सही नंतर."

३

नवी घरी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. बाई आल्या म्हटल्यावर धडपडत उठली.

"मी फोन वरिष्ठाकडे द्यायला हवा होता, कळतंय मला. पण त्या बाईने माझं बोट धरल्यासारखा आवाज धरला होता. डोकं दिसतंय म्हणाली. मी कशी सोडू?"

"वाचलं बाळ?"

"वाचलं. रडल्याचं ऐकलं मी." नवीने डोळे पुसले. "आणि इकडे तुमचे भाऊजी गेले. आता मला सगळे विचारतात, एक वाचवून एक मारलास का."

"तुझ्या शेजारी त्या वेळी काय चाललं होतं?"

"मला शुद्धच नव्हती. पलीकडच्या मेजावरच्या मावशी बोलत होत्या एकसारख्या, एवढं कानावर येत होतं. मास्तरांचं माहीत नाही. ते बोलतात इतके हळू की शेजारच्यालाही कळत नाही. मला फोन कसा घ्यायचा ते त्यांनीच शिकवलं. आधी पत्ता, मग धीर. चार मजले चढून येतात रोज या वयात, लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत, पण उशीर म्हणून कधी नाही."

मावशी निवृत्तीला टेकलेल्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि मनात काही राहत नव्हतं. केंद्राच्या मागच्या खोलीत डबा उघडून बसत त्यांनी बाईंना बोलण्याची संधीच दिली नाही.

"नवीला कशाला झोडपताय? त्या दुपारी माझा कान भाजून निघाला, विचारा कुणालाही. एक ठेवला की दुसरा. पाणी प्यायला सवड नाही. मास्तर बिचारे एका फोनवर अडकलेले, ती पोरगी दुसऱ्यावर. सगळा गाडा मी एकटीने ओढला."

"मास्तर कशावर अडकले होते?"

"काय ठाऊक. कानाला लावून बसले होते गप्प. ते ऐकून फार घेतात लोकांचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, मास्तर, आटपा की. त्यांनी हात केला नुसता, थांबा म्हणून."

"ताईचा फोन शेवटी तुम्हीच घेतलात."

मावशींचा घास हातात राहिला. "हो. मीच. काय सांगू तुम्हाला, त्या बाईचा आवाज अजून कानात आहे."

"मावशी, थांबलेल्या माणसाला काय ऐकू येतं?"

"यंत्र सांगतं ना, तुमच्या आधी इतके जण आहेत. मग गाणं. मग पुन्हा किती जण राहिले ते. नंबर सांगितला की लोक धीर धरतात, असं तुम्हीच सुचवलं होतंत म्हणे."

"नंबर न सांगता नुसतं गाणं कधी लागतं का?"

"लागतं की. फोन घेऊन बाजूला ठेवला तर. वरिष्ठाला विचारायचं असलं की आम्ही ते बटण दाबतो. पण ठेवलेला फोन सुटेपर्यंत यंत्र त्या मेजाला दुसरा फोन देत नाही. नाहीतर सगळ्यांनी बाजूला ठेवून चकाट्या पिटल्या असत्या."

"आणि सोडला की?"

"सोडला की तो रांगेच्या तोंडाशी येतो, आणि वेळ पहिल्या घंटीपासून धरला जातो. का हो? असं का बघताय?"

बाई उठल्या. त्यांना ताईला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायची त्यांना भीती वाटत होती.

मास्तरांशी बोलणं मात्र सगळ्यांत सोपं गेलं. त्यांनी उठून खुर्ची दिली. त्या दुपारी आपल्याकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन होता, एकटे होते, घाबरले होते, त्यांना सोडवेना, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"गाडी पाठवलीत त्यांच्याकडे?"

"गरज पडली नाही. कधी कधी माणसाला कुणीतरी ऐकलं एवढंच हवं असतं." मास्तर पुढे म्हणाले, "तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. माणूस गेल्यावर घर कसं खायला उठतं, ते मला माहीत आहे. मला मुलगी होती."

४

ताईच्या इमारतीखाली एका शिंप्याचं दुकान होतं. बाई जिना चढायला लागल्या तेव्हा तो गळ्यातली टेप सावरत बाहेर आला. त्याला दहा दिवसांपासून काहीतरी बोलायचं होतं, पण वर जायचा धीर होत नव्हता.

"बाई, माझ्याकडून फार मोठं पाप झालं. त्या दुपारी मी ताईंचा आवाज ऐकला. खिडकीतून. हॅलो, हॅलो, अहो कुणी आहे का. मला वाटलं, फोन कंपनीशी भांडतायत. वर गेलो असतो तर..."

"मग का नाही गेलात?"

"जाणार होतो. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. ती पलीकडच्या वस्तीत राहते, न्हाणीघरात पडली होती. माझी गाळण उडाली. मी लगेच मदत केंद्राला लावला."

बाई पायरीवरच थांबल्या. "ताईंचं हॅलो हॅलो आधी, आणि तुमचा फोन नंतर? नक्की?"

"नक्की म्हणजे काय, मी केंद्राशी बोलत होतो तेव्हाही वरून त्यांचा आवाज येत होता. मी दुसरा कान बोटाने बंद केला होता, ऐकू यावं म्हणून."

"आणि तुम्हाला किती वेळ थांबावं लागलं?"

"थांबावं? छे. घंटी वाजली न वाजली तोच एक वयस्कर बाई बोलल्या. वर मलाच दम दिला, रडू नका, आधी पत्ता सांगा म्हणून. गाडी गेली, आई वाचली." शिंप्याने मान खाली घातली. "आणि दोन जिने वर हे असं."

बाईंनी कठडा धरला. आयुष्यभर शिकवलेलं एक साधं समीकरण त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची भीती वाटली.

वर ताई खिडकीपाशी बसली होती. बाईंनी तिच्या पुढ्यात बसून हळूच विचारलं, "ताई, त्या फोनवर तुझ्या आधी किती जण आहेत, असं काही सांगत होते का गं?"

"नाही. पहिल्यांदा टक् असा आवाज झाला. मी घाईघाईने यांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, सगळं सांगितलं. मग गाणं लागलं. मला वाटलं, यंत्रच आहे, मी यंत्राशीच बोलत होते." ताईने वर पाहिलं. "का? कुणी ऐकत होतं का?"

५

विद्यापीठातल्या आपल्या खोलीत बाईंनी दार लावून फळा पुसला. खरं तर लिहिण्यासारखं फार नव्हतं, पण हातात खडू असल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नसे.

रांगेत माझ्यामागे उभा असलेला माणूस किती थांबतो? मी जितका थांबलो तितकं, अधिक माझं काम उरकायला लागलेला वेळ, वजा तो माझ्यानंतर जितक्या उशिरा आला तेवढं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे समजतं. ताई अर्धा तास रांगेत असती आणि शिंपी तिच्या मागून दोन मिनिटांनी आला असता, तर त्यालाही जवळपास अर्धा तास काढावा लागला असता. लांबलेलं थांबणं रांगेत एकट्याच्या वाट्याला येत नाही, ते आसपासच्या सगळ्यांना सोबत घेऊन येतं. शिंप्याला घंटीसरशी उत्तर मिळालं. म्हणजे त्या घटकेला रांगच नव्हती, ती नंतर साचली. दहा हजारात तीन-चार हा त्यांचा आकडा बरोबर होता, पण तो रांगेतल्या माणसांचा होता. ताई रांगेत कधी नव्हतीच. तिचा फोन कुणीतरी पहिल्याच घंटीला उचलला, नाव-पत्ता ऐकून घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

कुणी? ज्याने ठेवला त्याच्या मेजाला दुसरा फोन मिळाला नसणार. मावशींनी तर शिंप्याचा फोन घेतला, आणि पुढे एकामागून एक घेतच राहिल्या. नवी एक जीव जगात आणत होती आणि ते बाळ साक्षीला आहे. उरले मास्तर, गप्प बसून ऐकणारे. एकच मेज चालू होतं, म्हणून सरासरी सात. गणित पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतं आणि बाई त्याला योगायोग म्हणत होत्या.

पण का? मास्तरांचं भाऊजींशी काय वैर?

संध्याकाळी त्यांनी ताईला भाऊजींबद्दल विचारलं. भाऊजी लिफ्ट तपासणारे सरकारी निरीक्षक होते, हे बाईंना माहीत होतं. निवृत्तीनंतर कुठेही गेले तरी जिनाच चढायचे, यावरून बाईंनी त्यांची थट्टाही केली होती.

"थट्टा करायचीस तेव्हा मला आवडायचं नाही," ताई म्हणाली. "एका दवाखान्याची लिफ्ट पडली होती. दोर तुटला. आत एक कॉलेजातली मुलगी होती, एकुलती एक. त्या लिफ्टवर यांची सही होती. चौकशी झाली कित्येक महिने. तिचा बाप रोज येऊन समोर बसायचा. शेवटी लिहिलं की असा एखादा दोर मुदतीआधी तुटतो, तो कुणाचा दोष नाही. हे सुटले. पण पुन्हा कधी लिफ्टमध्ये गेले नाहीत."

"भाऊजींनी खरंच तपासली होती का ती?"

"मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची."

बाईंच्या डोळ्यांपुढे चौथ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकणारा एक माणूस आला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी बाई केंद्राच्या इमारतीत जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या. मास्तर आले. बाईंना जिन्याशी बघून त्यांना काय ते समजलं असावं, कारण त्यांनी नमस्कार केला नाही. दोघं शेजारी शेजारी चढू लागले.

दुसऱ्या मजल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं मला कालच कळलं."

"हं."

"तुम्ही नाव ऐकलंत आणि बटण दाबलंत."

"मी फोन कापला नाही." मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "नुसता बाजूला ठेवला. गाडी पाठवायची नाही असंही ठरवलं नव्हतं. बाई, तुम्हीच सांगितलं होतंत ना, हजारात एखाद्याला थांबावंच लागतं, तो कुणाचा दोष नसतो. माझ्या पोरीबद्दलही हेच लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तुम्ही फळ्यावर ती शेपटी काढलीत तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं, इथे एक माणूस ठेवला तर कुणाला दिसणार नाही."

"दिसतो," त्या म्हणाल्या. "शेपटीतला माणूस एकटा नसतो, मास्तर. त्याच्या मागे-पुढे त्याच्यासारखीच ताटकळलेली माणसं असतात. तुमचा एकटाच होता."

मास्तर कठड्याला धरून थांबले. "एवढं तुम्ही शिकवलं नव्हतंत."

वरून कुणीतरी हसत खाली आलं आणि दोघांना ओलांडून गेलं. मास्तरांनी ते गेल्याची खात्री करून घेतली.

"मी सगळा वेळ ऐकत होतो. तुमच्या ताईंना फक्त गाणं ऐकू येत होतं, मला सगळं येत होतं. ती नवऱ्याला नावाने हाका मारत होती. मी स्वतःशी एक ठरवलं होतं. तिने फोन ठेवून पुन्हा लावला, तर तो कुणाकडेही जाऊ दे, मी अडवणार नाही. नशिबावर सोडायचं. माझ्या पोरीला जसं सोडलं होतं तसं. पहिली दहा मिनिटं मी देवाची शपथ वाट पाहत होतो की ती ठेवेल. चिडून लोक ठेवतातच. तिने ठेवला नाही."

बाई भिंतीला टेकल्या.

"का नाही ठेवला हो तिने?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

थोड्या वेळाने मास्तर सावरले, सदरा नीट केला.

"हे मी तुम्हाला सांगितलं. कोर्टात नाही सांगणार. तिथे मी म्हणेन, रांग होती, नवी अडकली होती. तुम्ही सिद्ध करा."

"करीन," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हाला तेही सांगावं लागेल, की रांगच नव्हती. तुमच्या ताई समोर बसलेल्या असतील."

ते पुढचे दोन मजले एकटेच चढून गेले. त्यांच्या पाळीची वेळ झाली होती.

७

बाई ताईच्या घरी पोचल्या तेव्हा शिंप्याच्या बायकोने पाठवलेला भात ताईच्या पुढ्यात होता. तिने आज पहिल्यांदाच चार घास खाल्ले होते. ते बघून बाईंना वाटलं, काही सांगू नये. केंद्राच्या कागदावर सही करावी, झालं गेलं शेपटीवर ढकलावं, आणि ताईला जगू द्यावं. तेवढ्यात त्यांना गुडघ्यांत डोकं घालून बसलेली नवी आठवली. सही केली तर ते ओझं जन्मभर त्या पोरीच्या मानेवर बसणार होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. बटण, नाव, मुलगी, जिना. सांगून झाल्यावर ताईने ताट सरकवलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, पण आज तो विचारताना तिने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग मी फोन ठेवून पुन्हा लावायला हवा होता का?"

बाईंच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. इतके दिवस तोंडात बसलेला तो शब्द.

"हो, ताई," त्या म्हणाल्या. "सुरुवातीलाच ठेवून पुन्हा लावला असतास, तर लगेच लागला असता. मावशी मोकळ्या होत्या."

"हे वाचले असते?"

"ते मला सांगता येत नाही. कदाचित. बरीच शक्यता होती."

"तू तर गणिताने सांगत होतीस, नाही म्हणून."

"गणित रांगेचं होतं. तू रांगेत आहेस, असं मी धरून चालले. ते मी कुणाला विचारलंच नाही." बाई म्हणाल्या, "माझं चुकलं ताई."

ताईने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "दोनदा माझं बोट त्या लाल बटणावर गेलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मला तू आठवलीस. रांग सोडायची नाही."

बाहेर खाली शिलाईयंत्र चालू झालं आणि थांबलं. बाई रडत होत्या, ताई रडत नव्हती.

"हे कोर्टात सांगणार आहेस?"

"सांगावं लागेल. नाहीतर तो सुटेल, आणि नवी अडकेल. तू नको म्हणालीस तर..."

"मी कशाला नको म्हणू? सांग. मोठ्याने सांग, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे." ताईने उठून ताट उचललं, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि मागे न वळता म्हणाली, "मी येईन ऐकायला. पण त्यानंतर काही दिवस तू माझ्याकडे येऊ नकोस."

किती दिवस, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.